शिळ्या ब्रेडसाठी कोणतं साधन घ्यावं? किसणी, मिक्सर, ओव्हन आणि बाकीच्यांचं परीक्षण

दोरी ओढायच्या चॉपरपासून एअर फ्रायरपर्यंत कुठलीही वस्तू विकताना ‘यात ब्रेडचा चुराही होतो’ असं हमखास सांगितलं जातं. होतो, हे खरं. पण कसला चुरा होतो, किती वेळात होतो आणि तो बरणीत टिकतो का, हे कुणी सांगत नाही. उरलेला ब्रेड कामी लावण्याच्या दृष्टीने घरातली नेहमीची साधनं कशी उतरतात, तेवढंच इथे पाहिलं आहे. कंपन्यांची नावं घेतलेली नाहीत. दोन कंपन्यांच्या मिक्सरमध्ये जो फरक असतो त्याहून खूप मोठा फरक ब्रेड किती वाळलेला आहे यामुळे पडतो.

निकाल आधीच सांगायचा तर वाळवायला साधा छोटा ओव्हन, चुऱ्याला चार बाजूंची किसणी किंवा मिक्सर, आणि सोबत दोन चाळण्या. डीप फ्रीजर असेल तर अर्धं काम तोच करतो. बाकीच्या वस्तू घरात असतील तर वापराव्यात, पण या कामासाठी म्हणून विकत घेण्यासारख्या नाहीत.

शिळा वेगळा, वाळलेला वेगळा

हा फरक कळला नाही तर कुठलंही साधन नापास ठरतं. ब्रेड शिळा होतो तो पाणी उडून जातं म्हणून, असा समज आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ झां-बाप्तिस्त बूसँगो यांनी १८५२ मध्येच दाखवून दिलं की हवाबंद ठेवलेला ब्रेड, ज्यातलं पाणी कुठेही गेलेलं नाही, तोही शिळा होतो. भाजताना फुगलेला स्टार्च थंड झाल्यावर हळूहळू पुन्हा घट्ट, स्फटिकासारखा बांधला जातो. त्यामुळे ब्रेड ताठ आणि भुसभुशीत लागतो. साधारण ६० अंश सेल्सियसच्या वर ही बांधणी सुटते, म्हणून शिळा ब्रेड गरम केला की तात्पुरता मऊ होतो.

याचा अर्थ, दोन दिवसांचा ताठ ब्रेड हाताला कोरडा लागला तरी त्याच्या आत भरपूर पाणी असतं. ताज्या पांढऱ्या ब्रेडच्या वजनात ३५ ते ४० टक्के पाणी असतं, आणि पिशवीत बंद राहिलेल्या शिळ्या ब्रेडमध्येही जवळपास तेवढंच. असा ब्रेड दळून थेट बरणीत भरला की तो काही दिवसांत बुरशी धरतो. दोष मिक्सरचा नसतो, वाळवणं वगळलेलं असतं.

वाळलं की नाही हे ठरवायला नजरेपेक्षा वजनकाटा भरवशाचा. १०० ग्रॅम ब्रेड वाळून ६५ ते ६८ ग्रॅमवर आला की तो साठवण्याजोगा झाला. ७५ ग्रॅमवर थांबलेला ब्रेड वरून कितीही कुरकुरीत वाटला तरी आतून दमट आहे. या सबंध यादीत एखादी नवी वस्तू घ्यायचीच असेल तर आधी एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्यावा.

वाळवण्याची साधनं

ओव्हन. छोटा ओटीजीसुद्धा (ओव्हन, टोस्टर आणि ग्रिल एकत्र असलेला) पुरतो. स्लाइस असतील तर तशाच, सबंध पाव असेल तर एक सेंटिमीटर जाडीचे काप किंवा दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे करून एका थरात पसरायचे. तापमान १०० ते ११० अंश, वरची आणि खालची दोन्ही कॉइल चालू, जाळी मधल्या खाचेत. पंखा असलेल्या ओव्हनमध्ये २५ मिनिटं, बिनपंख्याच्या ओव्हनमध्ये ३५ ते ४० मिनिटं. मध्ये एकदा उलटायचे. पंखा नसेल तर दारात लाकडी चमचा अडकवून बोटभर फट ठेवायची, नाहीतर ब्रेडमधून निघालेली वाफ आतच कोंडते आणि वेळ वाढतच जातो.

नेहमी होणारी चूक म्हणजे घाईने १६० किंवा १८० वर ठेवणं. बाहेरचा थर तांबूस होतो, आत मात्र ओल राहते. साखर आणि दूध घातलेला मऊ ब्रेड तर आणखी लवकर रंग धरतो, त्याला १०० च्या वर जाऊच देऊ नये. चुऱ्यासाठी वाळवताना रंग बदलायलाच नको, कारण हा चुरा पुढे तळताना किंवा भाजताना पुन्हा तापणार आहे. आधीच तांबूस असलेला चुरा तेलात मिनिटभरात काळपट पडतो आणि आतलं सारण गारच राहतं.

गरम असताना ब्रेड कधीच कडक लागत नाही. एक तुकडा बाहेर काढून पाच मिनिटं थंड करायचा आणि मोडायचा. टक्कन तुटला तर झाला, वाकला तर आणखी दहा मिनिटं.

ओव्हनचा खरा दोष विजेचा. तीन-चार स्लाइस वाळवण्यासाठी १२०० ते १५०० वॉटचं यंत्र अर्धा-पाऊण तास चालवणं म्हणजे ब्रेड वाचवून वीज घालवणं. म्हणून कडा, टोकं, उरलेल्या स्लाइस फ्रीजरमधल्या एका पिशवीत जमा करत जायच्या आणि ४००-५०० ग्रॅम साठले की एकदम वाळवायच्या. त्याहून बरं म्हणजे दुसरं काही भाजून झाल्यावर ओव्हन बंद करून त्या उरलेल्या उष्णतेत ताट सरकवून द्यायचं आणि तासभर विसरायचं. छोटा ओव्हन लवकर निवतो, त्यात एका फेरीत पूर्ण वाळेलच असं नाही. पण निम्मं काम फुकटात होतं.

एअर फ्रायर. क्रुटॉन्ससाठी, म्हणजे सूप-सॅलडवर घालायच्या ब्रेडच्या कुरकुरीत तुकड्यांसाठी, उत्तम, चुऱ्याचा ब्रेड वाळवायला बेताचा. पंख्याचा झोत जोरदार असतो. हलक्या स्लाइस उडून वरच्या कॉइलला चिकटतात आणि जळतात. वर जाळी ठेवून दाबल्याशिवाय स्लाइस घालूच नयेत, आणि तयार चुरा तर मुळीच नाही, तो सगळा कॉइलवर जाऊन बसतो. दोन सेंटिमीटरचे तुकडे १२० अंशांवर १० ते १२ मिनिटांत वाळतात, मात्र एका वेळी १०० ते १२० ग्रॅमच मावतात. जास्त कोंबले तर मधले ओले राहतात.

तवा किंवा जाड बुडाची कढई. स्लाइस वाळवायला तवा चांगला नाही, दोन्ही बाजूंना कवच येतं आणि मध्ये ओल अडकते. पण झालेला चुरा परतायला याच्यासारखं दुसरं काही नाही. १०० ग्रॅम चुऱ्याला दोन मोठे चमचे तेल किंवा लोणी, मंद ते मध्यम आच, ६ ते ८ मिनिटं, हात थांबवायचा नाही. हवा त्या रंगाच्या थोडं आधीच ताटात उपसायचा. कढईतच राहू दिला तर बुडाच्या उष्णतेने आणखी एक छटा चढते, आणि तीच छटा कडू असते.

मायक्रोवेव्ह. वाळवण्यासाठी नको. तो सगळीकडे सारखा तापवत नाही, त्यामुळे बाहेरून पांढरा दिसणारा तुकडा आत काळा झालेला असू शकतो. ताठ झालेली स्लाइस लगेच खायची असेल तर ओलसर कागदी रुमालात गुंडाळून १० ते १५ सेकंद ठेवावी, त्याहून जास्त नाही. बाहेर काढून पाच मिनिटं ठेवली तर चिवट, मग दगड.

ऊन. कोरड्या हवेत चालतं, दमट हवेत चुकूनही नको. वाळण्याआधी बुरशी पोहोचते.

सबंध पाव ताजा करायचा असेल तर मात्र ओव्हनच. कवचावर पाण्याचा हात फिरवायचा, १५० ते १६० अंशांवर ८ ते १० मिनिटं. मोठा, जड पाव असेल तर १५. मध्यभाग ६० अंशांच्या पुढे गेला की आतून मऊ होतो. हा मऊपणा काही तासांचाच असतो आणि दर वेळी थोडं पाणी उडतं, त्यामुळे एकाच पावावर हा प्रयोग एकदा, फार तर दोनदा चालतो.

चुरा करण्याची साधनं

मिक्सर. बहुतेक घरांत हाच वापरला जातो आणि सर्वात जास्त तक्रारी याच्याच. दोन तक्रारी नेहमीच्या. पहिली, ब्रेडचा लगदा होतो. दुसरी, खाली पीठ आणि वर अख्खे तुकडे.

लगदा होतो तो ब्रेड मऊ असताना. पात्याचा वेग जास्त, भांडं अरुंद, त्यामुळे खालचे तुकडे चिरडून एकमेकांना चिकटतात. उपाय सोपा आहे. तुकडे अर्धा तास ते चाळीस मिनिटं फ्रीजरमध्ये कडक करून घ्यायचे, भांडं एक तृतीयांशच भरायचं, म्हणजे मोठ्या भांड्यात ६० ते ८० ग्रॅम, आणि पल्सवर एकेका सेकंदाचे सात-आठ झटके द्यायचे. दर दोन झटक्यांनी भांडं हलवून खालचं वर करायचं. सलग चालवलं तर मोटारीची आणि घर्षणाची ऊब चुऱ्याला लागून तो पुन्हा गोळा होतो.

पिठाची तक्रार येते ती ब्रेड दगडासारखा वाळलेला असताना. मोठे तुकडे पात्यावर नुसते उसळत राहतात, आणि जे खाली सापडतात त्यांची पूड होते. मिक्सरमध्ये घालण्याआधी लाटण्याने दोन-अडीच सेंटिमीटरचे तुकडे करून घ्यावेत. चार झटके, चाळणी, वर राहिलेलं पुन्हा भांड्यात. एकदाच दळून सारखा चुरा मिळेल ही अपेक्षाच सोडावी. झाकण उघडण्याआधी मिनिटभर थांबावं, नाहीतर पूड ओट्यावर आणि नाकात. प्लास्टिकच्या पारदर्शक भांड्यांना कडक ब्रेडने चरे पडतात, म्हणून स्टीलचं भांडं. चटणीचं छोटं भांडं एक-दोन स्लाइसपुरतं चांगलं चालतं, किंबहुना मोठ्या भांड्यापेक्षा सारखा चुरा देतं.

चार बाजूंची किसणी. चुऱ्याच्या प्रतीत हिचा पहिला नंबर. पातं ब्रेडला फोडत नाही, कापत जातं, म्हणून लांबट, हलके, पोकळ कण मिळतात. पांको नावाने मिळणारा जपानी चुरा तळल्यावर जसा खुसखुशीत राहतो, त्याच्या बराच जवळ जाणारा. पांकोचा ब्रेड मात्र बऱ्याचदा पिठातून वीजप्रवाह सोडून शिजवलेला असतो, तशा ब्रेडला कवचच येत नाही. घरी ते शक्य नाही, पण कडा काढून मोठ्या भोकांवर किसलं की पोत तसाच येतो.

अट एकच, ब्रेड ताठ हवा. सबंध पाव दोन-तीन दिवसांचा असेल तर थेट किसता येतो. स्लाइस वाकतात, त्या चार-पाच एकत्र दाबून गोठवाव्यात आणि फ्रीजरमधून काढून लगेच किसाव्यात. १०० ग्रॅमला चार-पाच मिनिटं लागतात आणि हात दुखतो, हे लपवण्यात अर्थ नाही. शेवटचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा किसायच्या फंदात पडू नये, तो मिक्सरला द्यावा आणि बोटं वाचवावीत. धुण्याआधी किसणी कोरड्या ब्रशने झटकायची. ओल्या ब्रेडचा स्टार्च भोकांत बसला की सुकून सिमेंट होतो.

हँडल फिरवायची ड्रमची किसणी. चीजसाठी विकली जाते, पण पूर्ण वाळलेल्या ब्रेडला ती अधिक शोभते. कण बऱ्यापैकी सारखे येतात, बोटं सुरक्षित. मऊ ब्रेड मात्र ड्रमच्या आत नुसता दाबला जातो, बाहेर काही येत नाही. खाली व्हॅक्यूमची पकड असलेली घ्यावी, हातात धरायची लहान किसणी कडक तुकड्यांवर मनगटाचा जीव घेते.

फूड प्रोसेसर. एका वेळी २५० ग्रॅमहून जास्त ब्रेड असेल तरच काढावा. रुंद भांड्यामुळे तुकडे फिरत राहतात, लगदा क्वचितच होतो. किसायची चकती लावून गोठवलेला ब्रेड घातला तर चुरा किसणीच्या तोडीचा आणि मिनिटाच्या आत. पण दोन स्लाइससाठी पाच भाग धुणं कुणालाही परवडत नाही.

दोरीचा चॉपर. या कामासाठी घेऊ नये. कडक ब्रेड आत अडकला की दोरीवर आणि आतल्या प्लास्टिकच्या चाकांवर ताण येतो, मऊ ब्रेड पात्याला गुंडाळला जातो. अर्धवट वाळलेल्या एका स्लाइसचं काम तो करतो, तेवढंच.

लाटणं आणि जाड पिशवी. पूर्ण वाळलेल्या ब्रेडसाठी बिनखर्चाचं आणि बिनआवाजाचं. पिशवीचा एक कोपरा उघडा ठेवायचा, नाहीतर ती फुगून फाटते. कण विषम येतात, पण तो प्रश्न चाळणी सोडवते.

चाळणीला कुणी साधन मानत नाही आणि तिथेच बरेच चुरे बिघडतात. एक रव्याची, एक पिठाची, अशा दोन चाळण्यांनी कुठल्याही चुऱ्याचे तीन भाग होतात. वर राहिलेला जाडा चुरा भाजायच्या पदार्थांवर भुरभुरायला, मधला तळणीच्या आवरणाला, खालची पूड बांधणीला आणि दाटपणाला. तिन्ही एकत्र वापरले तर तळताना पूड आधी जळते, जाडे कण गळून तेलात पडतात आणि दुसऱ्या घाण्याला तेच जळके कण चिकटतात. ज्यांना ‘घरचा चुरा विकतच्यासारखा होत नाही’ असं वाटतं, त्यांनी यंत्र बदलण्याआधी चाळून पाहावं.

ठेवायचं कुठे

फ्रिजला ब्रेडचा शत्रू म्हणतात, ते निम्मं बरोबर आहे. शून्य ते पाच अंशांत स्टार्चची ती बांधणी सर्वात जलद होते, म्हणून खायचा ब्रेड फ्रिजमध्ये लवकर ताठ होतो. बुरशी मात्र तिथे हळू वाढते. म्हणजे ज्या ब्रेडचं पुढे चुऱ्यातच रूपांतर व्हायचं आहे, त्याला फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस ठेवण्यात काहीच गैर नाही, उलट किसायला तो सोपा होतो.

खायच्या ब्रेडसाठी डीप फ्रीजर, उणे १८ अंश. आणल्याच्या दिवशीच स्लाइस करून, हवा दाबून काढलेल्या पिशवीत. ताठ झाल्यावर गोठवलेला ब्रेड ताठच बाहेर येतो, ही गोष्ट बहुतेक जण विसरतात. गोठलेली स्लाइस थेट टोस्टरमध्ये घालावी, बाहेर ठेवून वितळवण्याची गरज नाही. तीन महिन्यांपर्यंत चव नीट राहते, पुढे पृष्ठभाग कोरडा पडून फ्रीजरचा वास लागतो. न वाळवलेला, मऊ चुराही असाच गोठवता येतो. गोठल्यावर पिशवी एकदा चोळली की कण सुटे राहतात आणि हवे तेवढे चमच्याने काढता येतात.

ब्रेडचा डबा दिसायला छान. कवचाचा कुरकुरीतपणा आणि आतला ओलावा यांचा तोल तो काही काळ राखतो, शिळेपणा थांबवत नाही. दमट हवेत आठवड्यातून एकदा व्हिनेगरने पुसून पूर्ण कोरडा केला नाही तर पुढचा ब्रेड पहिल्यापेक्षा लवकर बुरसतो.

वाळलेला चुरा पूर्ण थंड करून हवाबंद बरणीत भरला तर खोलीच्या तापमानाला महिनाभर राहतो. दुसऱ्या दिवशी बरणी तिरकी करून बघायची. चुरा वाळूसारखा घसरला पाहिजे. गठ्ठे झाले असतील आणि वास स्वच्छ असेल तर पसरून १०० अंशांवर दहा मिनिटं परत वाळवावा. वास कुबट असेल तर टाकावा. तेल-लोणी लावून परतलेला चुरा, तसंच तीळ, जवस किंवा सूर्यफुलाच्या बिया असलेल्या ब्रेडचा चुरा खवट होतो, तो फ्रीजरमध्येच.

पदार्थात उतरल्यावर

साधन चांगलं की वाईट हे शेवटी पदार्थ सांगतो. तळणीच्या आवरणात किसणीचा चुरा सरळ जिंकतो. आठ मध्यम कटलेटांना साधारण १०० ग्रॅम मधला चुरा लागतो. मैदा, फेटलेलं अंडं किंवा पिठाची पातळ पेस्ट, मग चुरा, असा क्रम. लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं म्हणजे चुरा ओल शोषून पकड घेतो. तेल १७० ते १७५ अंश. आवरण सुटून येत असेल तर बहुतेक वेळा कटलेटचा पृष्ठभाग ओला होता आणि मैद्याचा थर वगळला गेला होता.

बांधणीसाठी पोताला महत्त्व नाही, मिक्सरची किंवा लाटण्याची पूड पुरते. ५०० ग्रॅम खिमा किंवा उकडलेला बटाटा असेल तर ४० ते ५० ग्रॅम. घातल्याबरोबर मिश्रण सैलच वाटतं, आणि इथे जवळजवळ प्रत्येक जण आणखी मूठभर घालतो. कोरडी पूड पाणी सावकाश ओढते. पंधरा मिनिटं झाकून ठेवा आणि मग ठरवा, नाहीतर तळल्यावर कटलेट विटेसारखे होतात. खिमा मऊ राहावा अशी इच्छा असेल तर पूड नको, न वाळवलेला शिळा ब्रेडच घ्यावा. ५० ग्रॅम ब्रेड तेवढ्याच दुधात कुस्करून घातला की तो शिजताना रस धरून ठेवतो.

क्रुटॉन्सला एअर फ्रायर आणि ओव्हन बरोबरीत. २०० ग्रॅम तुकड्यांना दोन मोठे चमचे तेल, मीठ, १६० ते १७० अंश, ओव्हनमध्ये १२ ते १८ मिनिटं, एअर फ्रायरमध्ये दोन फेऱ्यांत प्रत्येकी ६ ते ८. तेल वरून ओतू नये. मोठ्या भांड्यात आधी सगळ्या तुकड्यांना चोळून घ्यावं, नाहीतर चार तुकडे तेलकट आणि बाकीचे कोरडे. लसूण घालायची असेल तर ती तेलात आधी तापवून गाळून टाकावी. बारीक चिरलेली लसूण ब्रेडच्या आधी जळते.

पुडिंगसाठी यंत्रं बाजूला ठेवा, इथे नुसती दातेरी सुरी. २५० ग्रॅम शिळ्या ब्रेडचे तीन सेंटिमीटरचे तुकडे, अर्धा लिटर दूध, तीन अंडी, ७० ते ८० ग्रॅम साखर. ताज्या ब्रेडची जाळी दुधात कोसळते आणि लापशी होते. शिळ्याची घट्ट बांधणी तग धरते, म्हणून हा पदार्थ शिळ्याचाच. दोन दिवसांच्या ब्रेडला वीस-तीस मिनिटं भिजवणं पुरे, ओव्हनमध्ये वाळवलेल्याला तास लागतो. एक तुकडा मधोमध दाबून पाहा, कोरडा गाभा लागला तर अजून वेळ आहे. भांडं गरम पाण्याच्या ताटात ठेवून १६० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं, मध्य किंचित थरथरत असताना, साधारण ७५ ते ८० अंशांवर, बाहेर. तळाशी पाणी सुटलं तर ते दूध जास्त झालं म्हणून नसतं. जास्त तापून अंड्याने पाणी सोडलेलं असतं.

दाटपणासाठी मिक्सरला पर्याय नाही. एक लिटर सूपला ६० ते ८० ग्रॅम ब्रेड, कडा काढून, दहा मिनिटं त्यातच उकळून मग वाटायचा. स्पेनमधल्या कोर्दोबाचं साल्मोरेखो हे गार सूप पूर्ण याच तत्त्वावर उभं आहे. एक किलो टोमॅटो, २०० ग्रॅम शिळा ब्रेड, १०० मिलिलिटर ऑलिव्ह तेल, लसणीची पाकळी आणि मीठ. टोमॅटोच्या रसात ब्रेड आधी भिजवायचा, वाटायचा, आणि तेल शेवटी धारेने. तेल आधी घातलं तर ब्रेडला रस नीट लागत नाही आणि सूप खरखरीत राहतं. या पदार्थावर कमी ताकदीचा मिक्सर लगेच उघडा पडतो. गाळणीतून गाळल्याशिवाय त्याचं सूप गुळगुळीत होत नाही.

ज्याला हात लावू नये

बुरशीचा ठिपका एका स्लाइसवर असला तरी ती पिशवी टाकायची. ब्रेड सच्छिद्र असतो, बुरशीचे तंतू दिसणाऱ्या हिरव्या भागाच्या पुढे गेलेले असतात, आणि काही बुरशींची विषं भाजल्याने जात नाहीत. कापून बाकीचा वापरणं, वाळवून वापरणं, दोन्ही नको. असा ब्रेड मिक्सरमध्ये गेला तर बीजाणू भांड्यात आणि झाकणाच्या रबरात बसतात.

दुसरा बिघाड कमी ओळखीचा आहे. ब्रेड तोडला की आतून चिकट तार येते, आणि जास्त पिकलेल्या फळासारखा गोडूस वास. बॅसिलस जातीच्या जिवाणूंचे बीजाणू भाजण्यातून जिवंत राहतात आणि उबदार जागी वाढतात, त्याचा हा परिणाम. पावच टाकावा, सुरी आणि डबा व्हिनेगरने पुसावा.

मनुका किंवा सुकामेवा घातलेला गोड ब्रेड खराब नसतो, पण चुऱ्यात चालत नाही. मनुका ओव्हनमध्ये जळतात आणि किसणीत अडकतात. त्याला पुडिंगशिवाय वाट नाही.

काय घ्यावं

आठवड्याला पाच-सहा स्लाइस उरत असतील तर नवीन काहीच घेऊ नका. फ्रीजरची पिशवी, घरातला मिक्सर आणि दोन चाळण्या पुरतात. तळणीचे पदार्थ वरचेवर होत असतील तर किसणी घ्या. भोकं पत्र्यातून ठोकून काढलेली नकोत, धारदार कापलेली हवीत. अंगठा हलका फिरवला की धार एकाच दिशेला लागते. तळाला रबर असलेली, आणि उंची २० सेंटिमीटरच्या पुढची, म्हणजे ब्रेडला पुरेशी लांब फेरी मिळते. ड्रमची किसणी फक्त त्यांनी घ्यावी जे ब्रेड पूर्ण वाळवूनच साठवतात. फूड प्रोसेसर घरीच ब्रेड भाजणाऱ्यांसाठी, ज्यांच्याकडे एका वेळी अर्धा पाव उरतो. ओव्हन घ्यायचा असेल तर तापमानाचा खटका १०० अंशांपर्यंत खाली येतो का ते दुकानातच पाहा. १५० पासून सुरू होणारा ओव्हन भाजायला कितीही चांगला असला तरी ब्रेड वाळवणार नाही.